उंबराचं पाणी

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. हॉल कुठलाही घ्या, जेवण काहीही ठेवा, पण उंबराचं पाणी पप्पांच्या विहिरीवरूनच आणायचं. पप्पा म्हणजे माझे वडील. तीही त्यांना पप्पाच म्हणायची.

उंबराचं पाणी हा आम्हा गावठाणातल्या किरिस्तावांचा लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा सोहळा. बायका लुगडी नेसून, कळश्या घेऊन, उंबराची फांदी पुढे धरून बँडबरोबर विहिरीवर जातात आणि ते पाणी आणून नवरीला न्हाऊ घालतात. अंधेरीत आता विहिरी उरल्यात कुठे? कुणाच्या बुजल्या, कुणाच्या डोक्यावर पार्किंग आलं. लोक नळाखाली कळशी धरतात, फोटो काढतात आणि मोकळे होतात. मला ते बघवत नाही. नाक वर करून सांगायचे मी सगळ्यांना, आमची विहीर अजून आहे.

पप्पांनी त्या विहिरीला शेवटपर्यंत मोटर लावू दिली नाही. शेजारच्या चाळीतल्या बायकांचे नळ आटले की त्या आमच्याकडे यायच्या. पप्पा कुणाला नाही म्हणायचे नाहीत, फक्त पाणी दोरी-बादलीनेच काढायचं, हा त्यांचा हट्ट. हात भरून आले की माणूस आपोआप थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गेले तेव्हा घर आणि विहीर धाकट्या भावाकडे राहिली. मी लग्नानंतर जवळच्याच एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहायला गेले होते. हक्कसोड करताना मी भावाला एवढंच म्हटलं होतं की बाबा, विहीर सांभाळ. तो म्हणाला, "हे काय सांगायला पाहिजे, बाय?" पप्पांशिवायच्या त्या घरी माझं जाणं मग जवळजवळ थांबलं; दर रविवारी तोच आमच्याकडे यायचा.

आमचा टॉवर उभा राहिला तेव्हा आजूबाजूला बैठी घरं होती. मग कंपन्या आल्या, मेट्रो आली, एका घराच्या जागी शंभर घरं आली, आणि पाइपलाइन तीच राहिली. मार्चपासून टँकर सुरू व्हायचे. सोसायटीने पाण्यासाठी कमिटी नेमली आणि त्यात मी पुढे. मी विहिरीवर वाढलेली, मला पाण्यातलं कळतं, असं मीच मीटिंगमध्ये ऐकवलं होतं. तीन टँकरवाल्यांनी बाटल्यांतून नमुने आणले. मी तिन्ही घोट घेऊन चाखले आणि एकावर बोट ठेवलं. पाणी गोड होतं, टँकरही जवळूनच भरून यायचा. तेव्हापासून दोन वर्षं आमच्याकडे तोच येत होता. कधी उशीर झाला तर फोन करून त्याची खरडपट्टी काढायचं कामही माझंच.

लग्नाची तारीख पक्की झाल्यावर मी भावाला विहीर साफ करून घ्यायला सांगितलं. मी येते, दोघं मिळून बघू, असंही म्हटलं. तो म्हणाला, "तू नको धावपळ करू, मी करून घेतो ना." पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणे माणसं लावलीत, वरून जाळी ठोकलीय, इतक्यात येऊ नकोस. मला बरं वाटलं. इतकी वर्षं कशात लक्ष न घालणारा भाऊ भाचीच्या लग्नाला उभा राहिला म्हणून मी नवऱ्याजवळ त्याचं कौतुकसुद्धा केलं.

त्या संध्याकाळी सगळं झकास जुळून आलं होतं. बँडवाले वेळेवर आले. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या हिरवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे चालत होती. विहिरीच्या कठड्यावर मेणबत्त्या लावलेल्या, नवीन दोरी, नवीन बादली. आत पाणी चमकत होतं. आत्याने रीतीप्रमाणे पहिली बादली काढायला लावली, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडात धरलं. मग ते बाजूला थुंकून टाकलं. बँड चालू होता, म्हणून तिने माझा दंड धरून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "आपला पानी नाय गो ह्यो."

मी चाखलं. औषधाचा वास येत होता. आत वाकून पाहिलं तर विहिरीच्या आतल्या दगडांवर शेवाळाचा एक ठिपका नाही, नुसते कोरडे चुन्यासारखे पट्टे, आणि त्यांच्या खाली हे गढूळ पाणी. बायका गात होत्या, कळश्या भरत होत्या. मी भावाला घराच्या मागे नेलं.

"सकाळी दोन टँकर ओतले," तो म्हणाला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "सगळ्यांसमोर तुझी इज्जत गेली असती तर बरं झालं असतं का? विहीर यंदा आटली, बाय."

"कशी आटली?"

"मोटर लावली होती. टँकरवाल्याला देत होतो. मग पलीकडच्या प्लॉटवर तीन मजले खाली खणलं, रात्रंदिवस पाणी उपसलं, आणि उरलेलं तिकडे गेलं. तसंही जाणारच होतं."

"पप्पांनी काय सांगितलं होतं तुला?"

"पप्पांच्या वेळेला इथे माणसं किती होती? आणि मला काय बोलतेस, तुमच्याच बिल्डिंगला जायचं ते. तूच तर पसंत केलंस."

दोन वर्षं मी त्या पाण्याने आंघोळ केली, त्याचा चहा केला, उशीर झाला म्हणून भांडले, आणि मला ते ओळखता आलं नाही. पाण्यातलं कळतं म्हणे मला. पण त्याला तर माहीत होतं. दर रविवारी चर्चमधून आमच्याकडे यायचा, माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून माठातलं पाणी प्यायचा, आणि एका शब्दाने बोलला नाही. मी विश्वासाने सोडलेला हक्क त्याने मलाच पाजला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू टँकर बंद केला असतास?"

हो, असं मी लगेच म्हणायला हवं होतं. मी टॉवरमधल्या दीडशे कुटुंबांचा, कमिटीचा, मार्च-एप्रिलचा विचार करत राहिले, आणि तेवढ्यात त्याने मान फिरवली.

"आणि आज ओतलंस ते कुठलं?"

"गोवंडीकडून आलं. असेल कुणाच्या तरी विहिरीचं."

बायका कळश्या घेऊन निघाल्या होत्या, म्हणून आम्हीही निघालो. टॉवरखालच्या मांडवात पाटावर मुलगी बसली होती. न्हाऊ घालण्याचा पहिला मान आईचा. मी कळशी उचलली. आत्या माझ्याकडे बघत होती. पहिली धार डोक्यावर पडली तशी मुलीने डोळे मिटले, ओठांवर आलेलं पाणी जिभेने टिपलं आणि विचारलं, "मम्मी, पप्पांच्या विहिरीचंच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "दुसरं कुठलं असणार?"

भाऊ माझ्या मागेच टॉवेल घेऊन उभा होता. त्याने ते ऐकलं आणि टॉवेल माझ्या हातात दिला.