मुदत

१९९६ साल. माझं वय एकसष्ट. सुरतेत नवागामला मी पतपेढीचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या होत्या. मी चालवायचो ते कापडाचे लूम, म्हणजे माग, चार महिने बंद पडले, हप्ते चुकले, आणि श्रावणात कोर्टाचा गुजराती कागद आला. पतपेढीला घर जप्त करून लिलावात काढायचं होतं.

मी तिसरी शिकलेलो. गुजराती काय, आपल्यासारखंच, असं मी चारचौघांत सांगायचो. कागदात 'मुदत' एवढाच शब्द लागला, पुढे सोमवारची तारीख. मी समजलो, पैसे भरायला सोमवारपर्यंत वेळ दिलाय, मग कुलूप लावायला येतील. पैसे नव्हतेच. मग ठरवलं, सोमवारपासून काठी घेऊन दारात बसायचं. बघू कोण आत येतं. पण जेवण जाईना. कागद कुणाकडून वाचून घ्यावा तर मान खाली जाते.

रविवारी घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. मी कागद तिच्या पाटाखाली सरकवला आणि म्हटलं, आता तूच बघ. खरं सांगतो, मनात विश्वास नव्हता, भीती होती.

दुपारी एक सुरती माणूस कुणाचं तरी घर शोधत दारात आला. बायकोने पाणी दिलं. कानबाईला हात जोडायला तो वाकला, तर पाटाखालचा कागद त्याला दिसला. पडलेला समजून त्याने उचलला आणि वाचू लागला. मला राग आला. म्हटलं, "राहू द्या, आम्हाला माहीत आहे. मुदत मिळालीय."

तो हसला नाही. "काका, मुदत एटले तारीख. काले अगियार वागे कोर्टमां हाजर रहेवानुं."

उद्या अकराला कोर्टात उभं राहायचं होतं. नाही गेलो तर माझं न ऐकताच हुकूम होईल, असं त्याने समजावलं. भरलेल्या सगळ्या पावत्या घेऊन जा म्हणाला. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हले ते समदंच येस." सगळंच येतं म्हणणाऱ्या मला हा टोमणा होता. तो गेला. त्याचं नाव विचारायचंही राहिलं.

सोमवारी कानबाईला नदीवर विसर्जनाला पोचवायला मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो नाही. पावत्या घेऊन अकराच्या आत कोर्टात पोचलो. न्यायाधीश साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "साहेब, मला हा कागद वाचता आला नव्हता." इतकी वर्षं अडलेलं वाक्य ते. पावत्या पुढे ठेवल्या. पतपेढीने चौदा हप्ते थकले म्हणून लिहिलं होतं, थकले होते चार. हिशेब नीट होईपर्यंत लिलाव करायचा नाही, असं साहेबांनी लिहून दिलं. पुढे मी ते चार हप्ते भरले, घर राहिलं.

तो माणूस कोण होता, यावर मी वाद घालत नाही. मी काठी घेऊन दारात बसलो असतो, तर घर मीच घालवलं असतं. कानबाईने आधी माझा ताठा उतरवला, मग घर वाचवलं, एवढं मला कळतं.

कोर्टाच्या फळ्यावर पुढच्या तारखांमध्ये आमच्या गल्लीतली दोन नावं मी अक्षरं जुळवत ओळखली होती. मंगळवारी सकाळी चहा न घेताच मी त्या दोन्ही दारांशी गेलो आणि म्हणालो, "मला कागद वाचता आला नव्हता. तुम्हाला आला का?"