चादरीखालची जाळी

इथे आखातात, अम्गरामधल्या आमच्या एसीच्या वर्कशॉपमध्ये वाळू आणि किस्से सारखेच. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा साचलेले! हे सगळे माझ्या जाळीच्या वेळचे.

एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये वाळू अडकते. फॅन थांबला की ती आपोआप झडून पडेल अशी तिरकी जाळी मी बनवली. कॉलेजनंतरची पहिलीच नोकरी, फॅक्स वाजला तरी मी दचकायचे! मालक शरीफचाचा रत्नागिरीचे. म्हणाले, "तुझ्या डोक्यातून आलीय, तुझ्याच नावावर रजिस्टर होईल."

वकील म्हणाले, सुधारणा छोटी आहे, पेटंट नको, युटिलिटी मॉडेल म्हणजे छोट्या शोधाची नोंदणी करू. फक्त अर्ज दाखल होईपर्यंत बाहेरच्या कुणाला जाळी दिसता कामा नये. आणि आमची चाचणी उघड्या आवारात, समोर जोसेफचं एसीचंच वर्कशॉप! माझी झोप उडाली.

*

चाचांनी जाळीवर चादर टाकली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, खाली काय? चाचा पटकन म्हणाले, बिर्याणीची डेग. दुपारी तो जेवायलाच हजर! चाचांनी हॉटेलातून बिर्याणी मागवली आणि हळूच मला म्हणाले, "अर्जाचं लवकर बघ गो बाय, रोज पाहुणे येतील."

*

अर्जासाठी जाळीचं ड्रॉइंग चाचांच्या ओळखीचे कुलकर्णीकाका काढून देत होते. नोकरी मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत, घर लांब अब्बासियात. दमून घरी आले की दार लावून माझं काम! काकूंनाही पत्ता नाही. त्यांना वाटलं, पुण्यात फ्लॅट घेतायत. एकदा त्यांनी कागद ओढून घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, यात किचन कुठंय?"

*

वारा सुटला की मी चादर उडाली म्हणून धावत आवारात जायचे. बघते तर चादर जागच्या जागी, चारी कोपऱ्यांवर विटा! चाचांची काळजी बघून मला भरून यायचं. समोर जोसेफ खुर्ची टाकून आमच्याकडेच बघत बसलेला.

*

सरकारी ऑफिसात "बुकरा", म्हणजे उद्या या, हे बरेचदा ऐकून झालं. शेवटी क्लार्कने विचारलं, शोध कुणाचा? चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने शिक्का असा आपटला की मी खुर्चीतून उडाले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा शिक्का अगदी अलगद टेकवला. भला माणूस!

*

अर्ज दाखल करून परतलो. चादर काढायला वाकत चाचा म्हणाले, "विटा मात्र झकास रचायचीस गो."

"मी? मला वाटलं, तुम्ही!"

तेवढ्यात समोरून जोसेफ हातगाडी ढकलत आला. मी सवयीने चाचांच्या मागे सरकले.

"काम हो गया ना, मॅडम?" तो म्हणाला. "अब मेरी ईंटें वापस कर दो."