हॉप्सचा वास

बंगळूरला नोकरी लागली त्या वर्षी मी रोज संध्याकाळी चिकपेटहून बसने खोलीवर जायचो. बसमध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ दोन्ही हात मांडीखाली घालून खिडकीशी बसलेले असत. त्यांच्या अंगाला कडवट वास येई, म्हणून शेजारची जागा रिकामी राही. दारू पिऊन येत असतील, असं समजून मीही उभाच राहायचो.

एकदा पाय फार दुखत होते, म्हणून बसलो. माझ्या हातातलं निपाणीचं पत्र पाहून ते मराठीत म्हणाले, "मी पीत नाही हो. बिअरच्या कारखान्यात हॉप्सच्या गोण्या तपासतो. त्या फुलांनीच बिअर कडू होते." त्यांनी रुमालातून एक वाळकं, हिरवट फूल काढलं, तळव्यावर चोळलं आणि हात पुढे केला. "स्वल्प हुंगून बघा."

आधी लिंबाच्या सालीसारखा, मग गवतासारखा वास आला.

"हे फिकट बिअरचं. काळ्या स्टाउट बिअरचं वेगळं, त्याला मातीचा वास. आज कुठलं ते बायको नुसता माझा हात हुंगून ओळखायची. ती गेल्यापासून घरी पोचलो की आधी साबणानं हात धुतो."

दुसऱ्या दिवशी मी आपणहून त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "आज स्टाउट का?"

त्यांनी तळवा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"चुकलात," ते म्हणाले, "पण उद्याही विचारा."