इंगळे सरांच्या चित्राला चिकटलेली रुई

हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंतची शेवटची बातमी अशी आहे. वामनराव इंगळे सरांच्या 'जिनातली दुपार' या तैलचित्राची परदेशातील एका आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी झालेली निवड स्थगित ठेवण्यात आली आहे. निवड समिती येत्या गुरुवारी दिल्लीत ते चित्र पुन्हा पाहणार असून, चित्रकारांनी समक्ष हजर राहावे असे तिने कळवले आहे. समितीच्या कार्यवाहांचा ट्रंककॉल अमरावतीला सरांच्या जुन्या शाळेत आला. मुख्याध्यापकांनी तो स्वतः घेतला आणि मी अकोल्याहून विचारले तेव्हा पुन्हा सगळे सांगून दुजोरा दिला. निवड थांबली ती सरांच्याच पत्रामुळे. साठीच्या गौरवग्रंथात हा विषय नको, असे काही स्नेह्यांनी सुचवले होते. सरांना विचारले, तर म्हणाले, "हे सोडून माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे?"

पुष्कळ आहे. १९५१ साली मी तिवशाहून अमरावतीच्या शाळेत आलो. सरांचा पहिला तास आठवतो तो भिंतींमुळे. जगात जिथे जिथे नव्या चित्रांची प्रदर्शने भरत, तिथल्या वकिलातींना सर पत्रे लिहीत आणि सूचिपत्रे मागवीत. त्यातली चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवीत आणि रविवारी वर्ग गावासाठी उघडा ठेवीत. बाजारहाटाला आलेली माणसे पिशव्यांसह आत येत. एकदा कापूस बाजारातले एक हमाल एका तांबड्या-काळ्या चित्रापुढे थबकले.

"मास्तर, हे काय हाये?"

"तुमाले काय दिसते?"

"वावर पेटल्यावानी दिसते."

"मंग कोन्या धुऱ्यापासून पेटलं, ते पाहा."

ते गृहस्थ पेटलेला बांध शोधत बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा सोबती मात्र कंटाळून म्हणाला, "याच्यापेक्षा आमची बुढी बरी सारवते." सर सगळ्यांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी आना त्यायले. आमाले शिकवतीन."

सरांच्या सचोटीचा फटका मला स्वतःला बसलेला आहे. अकोल्याच्या आंतरशालेय स्पर्धेत माझ्या चित्राला पहिले बक्षीस जाहीर झाले. सर उठले आणि परीक्षकांना म्हणाले, "यातल्या बैलाच्या मानेच्या दोन रेषा माझ्या आहेत. शिकवताना ओढल्या होत्या." बक्षीस दुसऱ्याला गेले. मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र एका रविवारी एसटीने तिवशाला आले, आमच्या ओसरीवर बसले आणि माझ्याकडून ती मान काढून घेतली. सतरा वेळा चुकली. अठराव्या वेळी ते चहा मागून प्यायले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. निवृत्तीनंतर सरांनी अकोटच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारात बसून हे चित्र केले. जिनाचे मालक गुलाबराव हे त्यांचे जुने मित्र. दिल्लीला चित्र पोचवण्याची मुदत जवळ आली, तरी शेवटचा जाड थर ओलाच होता. सरांनी पेटी करवून घेतली, चारही कोपऱ्यांत लाकडी ठोकळे ठेवून चित्र अधांतरी बसवायला सांगितले आणि चित्रकला परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला गेले. मागे गुलाबराव आणि मदतीला अकोल्याहून आलेला मी उरलो. गुलाबरावांना ठोकळ्यांचा भरवसा वाटेना. आमच्याकडे काचेचे सामान असो की देवाची मूर्ती, कापसाशिवाय गाडीत चढत नाही. ते म्हणाले, "रुईहून नरम काय हाये दुनियेत? लेकरू नेल्यावानी जाईन." मलाही ते पटले. पेटी आम्ही रुईने गच्च भरली.

महिन्याभराने निवडीचे पत्र आले. चित्राची स्तुती होती, आणि 'ओल्या रंगात कापसाचे तंतू रोवण्याच्या धाडसी प्रयोगा'ची तर विशेष होती. शाळेत पेढे वाटणे सुरू झाले होते. सरांनी पत्र दोनदा वाचले.

"कोणते तंतू?"

गुलाबराव खाली पाहत म्हणाले, "थोडीशी रुई चिकटली असंन, सर."

"ठोकळे?"

"ठोकळेबी होते. पन रुईबी होती."

मग जवळपास तासभर सगळे सरांना समजावत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले की, अमरावतीचे चित्र समुद्रापार जाते आहे, ही संधी पुन्हा येणार नाही. गुलाबराव म्हणाले, "तुमी काई खोटं बोलून नाई राहिले. त्यायनं पाह्यलं, त्यायले आवडलं. तुमी काहून बोलता?" शेवटी सरांच्या पत्नी यमुनाकाकू म्हणाल्या, "तुमाले रात्री झोप लागनार असंन, तर नका लिहू."

सरांनी तिथेच कागद मागवला. पत्र चार ओळींचे होते: तंतू चित्रकाराचे नाहीत, पेटी भरताना चिकटले, ते वगळून चित्र निवडण्याजोगे वाटते का, हे समितीने ठरवावे. पेटी कोणी भरली, हे सरांनी लिहिले नाही. आमची नावे घाला असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी पाकीट चिकटवायला घेतले. आयुष्यभर इतरांची प्रदर्शने भिंतीवर लावणाऱ्या या गृहस्थांना स्वतःचे एक चित्र त्या सूचिपत्रांत यावे असे किती वाटत होते, हे काकूंनी मला नंतर सांगितले. निवडीचे पत्र ते उशाशी घेऊन झोपत.

सर मंगळवारी बडनेऱ्याहून गाडीत बसतील. गुलाबराव सोबत जाणार आहेत. त्यांना कोणी बोलावलेले नाही, पण "भरली म्या, तर सांगीन बी म्याच" असे म्हणून त्यांनी स्वतःचे तिकीट काढले आहे. परदेशी जाणाऱ्या पेट्या शनिवारी बंद होतात. गुरुवारी समितीने चित्र ठेवले तर ते त्यांत जाईल, नाकारले तर सरांसोबत परत येईल. सरांच्या साठीचा सत्कार रविवारी आहे. दिल्लीहून जी तार येईल ती, कशीही असली तरी, व्यासपीठावरून वाचावी असे सरांनी सत्कार समितीला सांगून ठेवले आहे. सरांना उदंड आयुष्य लाभो आणि हात असाच स्थिर राहो, ही इच्छा मी त्या तारेची वाट न पाहता आजच लिहून ठेवतो.