राजेश्वराच्या दारात सुटलेली सिगारेट

माझे वडील मूर्तिजापूरच्या जिनिंगमध्ये हमाल होते. दिवसभर रुई नाकातोंडात जायची, आणि दुपारची सुट्टी ते बिडीवर काढायचे, कारण डब्यातली अर्धी भाकर आम्हा भावंडांसाठी परत यायची. आमच्या एका खोलीच्या घरात शाळेचा अभ्यास केला आणि पुढं मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे सांगताना छाती फुगते, आणि मी ती फुगू देतो. पण अमरावतीच्या होस्टेलवर पदवीसोबत सिगारेटही लागली. अकोल्याला नोकरी, लग्न, मुलगी सगळं झालं, तरी सकाळी उठलो की छातीत धडधड व्हायची, जीव घाबरायचा, आणि पहिल्या सिगारेटीनंच तो शांत व्हायचा. माझं डोकं हीच सांभाळते, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्याकडे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचं पाणी कावडीनं आणून अकोल्याच्या राजेश्वर महादेवाला घालतात. गांधीग्रामपासून अनवाणी चालायचं. आमच्या गल्लीच्या मंडळात पाणी भरताना देवासाठी काहीतरी सोडायची रीत आहे, आणि लोक हुशारीनं सोडतात. शेजारचे काका दरवर्षी कारलं सोडतात. निघताना बायको म्हणाली, "तुमी बी कारलंच सोडा. तसंही ताटात उरतेच." मी हसलो. पण नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहिल्यावर काय झालं कोण जाणे, मनात शब्द उमटला, सिगारेट. कोणाला सांगितलं नाही. खांद्यावर कावड घेतली आणि चालू लागलो.

तीन दिवस मी हवेत होतो. चौथ्या दिवशी डोकं पेटलं. झोप उडाली. ऑफिसात एका साध्या आकड्यावरून माणसावर ओरडलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलो. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं. माझी सात वर्षांची पोरगी आईच्या मागं लपली आणि हळूच म्हणाली, "आई, बाबाले काय झालं?" त्यानंतर ती माझ्याजवळ येईना. देवानं माझा शब्द घेतलाच नाही, असं मी धरून चाललो. म्हणून आठवड्यानं, लगेचच्या सोमवारी, खिशात नवं पाकीट घेऊन राजेश्वराला गेलो, शब्द परत मागायला. देवाची परवानगी काढून सिगारेट ओढायला निघालेला मीच पहिला असेन.

दारात एक म्हातारी बेल विकत होती. माझी तिची काहीच ओळख नव्हती.

"काय रे बापू, हात खिशात कायले नाचून राहिला?"

मला काय झालं, मी तिला सगळं सांगून टाकलं. जे बायकोला सांगितलं नव्हतं तेही.

"माह्या बुढ्यानं बिडी सोडली तवा महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं," ती म्हणाली. "मले वाटे, बिडीवाला बुढा बरा होता. अरे, जातानी ती दार आपटून जाते. तो आवाज तिचा हाय, तुहा नाही. बस इथं. फाटका बेल बाजूले काढ."

मी बसलो. तीन पानं धड असलेला बेल एकीकडे, किडका-फाटका दुसरीकडे. बी.कॉम. माणूस, तरी दोनदा चुकलो आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. टोपली संपली तेव्हा लक्षात आलं, तलफ येऊन गेली होती आणि पाकीट खिशात तसंच बंद होतं. उठताना ती म्हणाली, "आन दवाखान्यात बी दाखव. महादेव काही नाडी पाहत नाही."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चिडचिड, उदासी, अस्वस्थता पहिले काही आठवडे येतेच, म्हणाल्या, मग बहुतेकांचं मन आधीपेक्षा हलकं होतं. सकाळची ती धडधड बरीचशी तलफेचीच असावी. म्हणजे जिला मी औषध समजत होतो, तीच दुखणं लावत होती. त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगतलं असतं तं भाजीत मीठ जास्त टाकलं असतं!" पोरगीही हसली आणि ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.

पुढच्या सोमवारी म्हातारीच्या पाया पडायला गेलो. तिनं मला ओळखलंच नाही. "कोन तू? बेल पाह्यजे का?" मनाला जरा लागलं, मग हसू आलं. कृपा अशीच असावी. करते आणि विसरून जाते, आपण मात्र विसरू नये. शरण जाणं म्हणजे दात आवळून एकट्यानं झुंजणं, असं मला वाटायचं. माझ्यापुरतं खरं शरण जाणं म्हणजे तोंड उघडून सांगणं, आणि कोणी बस म्हटलं की बसणं.

आज तीन वर्षं झाली. सकाळी छातीत धडधड होत नाही, झोप पूर्ण लागते, आवाज चढत नाही. मी सिगारेट सोडली आहे आणि माझं मन माझ्या ताब्यात आहे.