म्हाताऱ्यांचा बालवर्ग

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शाळेत बालवर्ग शिकवायच्या. शिकवायच्या असं मी म्हणते. गाव म्हणायचं, नाकं पुसायची नोकरी. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळल्यावर घरी आणखी एक मोठं पोर सांभाळायला जोर उरत नाही. हे माझ्याकडे बघून म्हणायच्या, आणि मी निमूट नवऱ्याचे मोजे शोधायला जायची.

वर्गाच्या दारात त्या स्वतः उभ्या राहायच्या. आधी नखं बघायची, मग छातीवर रुमाल टाचलाय का ते बघायचं, मग आत. रुमाल विसरलेल्याला त्या आपल्या पिशवीतला टाचायच्या. ते रुमाल जुन्या चादरी फाडून केलेले असत. माझी एक चांगली धड चादरही त्यात शहीद झाली, पण ते असो.

लढाई आली तेव्हा दोन्ही बाजू मुलांच्या भविष्यासाठीच लढत होत्या. तसं दोघांनीही आम्हाला भोंग्यावरून सांगितलं. नदीपलीकडच्या टेकडीवर ते, अलीकडे हे, आणि भविष्य आमच्या डोक्यावरून शिट्टी वाजवत इकडून तिकडे जायचं. मध्येच दमलं तर शाळेच्या मैदानात पडायचं.

शाळा कमिटीनं तातडीची बैठक घेतली. अध्यक्ष कापडाचे व्यापारी. त्यांच्या शहाणपणाची अडचण एवढीच की ते नेहमी उंटावर बसलेलं असायचं. त्यांनी ठरवलं, शाळेला मोठं कुलूप घालायचं, म्हणजे शाळाही सुरक्षित आणि मुलंही. मास्तरांनी लगेच मान डोलावली. त्यांची ट्रंक आधीच बांधून झाली होती. वन्संनी तेवढं विचारलं की कुलूप बघून तोफगोळा परत जातो का. अध्यक्ष म्हणाले, बाई, हे राजकारण आहे, यात बालवर्गाचं काम नाही.

कुलूप लागलं. अध्यक्षांनी ते स्वतः ओढून बघितलं आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले की शाळा आपण बंद केली, आता काळजी नको. भेटणाऱ्यांत अलीकडच्या फौजेचा अधिकारीही होता. त्यालाही मोठ्या अभिमानानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो अधिकारी किल्ली मागायला आला. वन्सं तिथेच होत्या. कुलूप असलं तरी पायऱ्या झाडायला त्या रोज जायच्याच. माणूस सभ्य होता. जाड भिंती, आवारात विहीर, गच्चीवरून थेट टेकडी दिसते, असं शाळेचं कौतुक त्यानं केलं. इतकं कौतुक आमच्या एकाही पालकानं कधी केलं नव्हतं. त्यानं नियमही समजावला. वर्ग चालू असेल त्या शाळेत शिरायचं नाही, असा त्यांना वरून हुकूम आहे. बंद शाळा म्हणजे मात्र नुसती इमारत.

वन्संना पुढचं सगळं दिसलं. शेजारच्या गावची शाळा अशीच रिकामी होती. आयत्या बिळावर नागोबा बसले, म्हणून टेकडीवरच्यांनी ते बीळच उडवलं. आता तिथे फळा आहे, भिंत नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, "कोण म्हणतं बंद आहे? उद्या सकाळी या, वर्ग भरलेला असेल."

बोलून तर गेल्या, पण वर्ग भरायचा कुणी? दारोदार फिरल्या. एकही आई पोर सोडायला तयार नाही. माझी सूनसुद्धा नातीला पदराआड घेऊन म्हणाली, "आत्या, रागवा हवं तर, पण ही नाही यायची." वन्सं रागावल्या नाहीत. त्या आयांच्या जागी त्या असत्या तरी पोर दिलं नसतं, हे त्यांनाही कळत होतं.

घरी येऊन चहा घेतला आणि कपाच्या वरून माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला चांगली ठाऊक होती. चादर गेली त्या दिवशीही तशीच होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तू दुसरीतून शाळा सोडलीस ना? पुन्हा यायचं का?"

मी म्हटलं, वन्सं, अंगावर छप्पर कोसळलं तर? तर त्या म्हणाल्या, आपल्यातली एखादी गेली तर कुणाचं भविष्य अंधारात जाणार आहे? हिशोब चोख होता. वर म्हणाल्या, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

सकाळी अध्यक्षांच्या आईनं स्वतः किल्ली आणून दिली. मुलाला विचारलंस का, असं कुणी तिला विचारलं नाही. आम्ही गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या काठ्या टेकत रांगेत उभ्या राहिलो. वन्संनी एकेकीची नखं बघितली. शिंपीणबाईला परत जाऊन कापून यायला लावलं. छातीवर रुमाल टाचले. बालवर्गाची बाकं म्हणजे पाटाची धाकटी भावंडं. बसताना गुडघ्यांनी जो आवाज केला, तो टेकडीपर्यंत गेला असेल.

अधिकारी आला तेव्हा आम्ही बाराखडी म्हणत होतो. तो दारात थबकला. आमच्या काठ्या आणि रुमाल बघत म्हणाला, "हे विद्यार्थी?"

"हुकुमात वय लिहिलंय का?" वन्संनी विचारलं. "लिहिलं नसेल तर बाहेर थांबा साहेब, वर्ग चालू आहे."

त्याला वाटलं, या चार दिवसांत कंटाळतील. रोज सकाळी येऊन डोकावायचा. त्याला काय माहीत, कंटाळा करायची मुभा आम्हाला उभ्या जन्मात कुणी दिलीच नव्हती. एकदा जवळच काहीतरी फुटलं आणि छताचा गिलावा आमच्या पाट्यांवर पडला. वन्सं ओरडल्या, बाकाखाली चला. आम्ही प्रयत्न केला, पण बाकाखाली मावेल अशी आमच्यात एकही नव्हती. नुसती डोकी घातली. वन्सं मधोमध उभ्याच राहिल्या. गिलावा पायानं बाजूला सारला आणि फळ्यावर पुढचं अक्षर काढलं.

शेवटी फौजेनं नाद सोडला आणि दुसरी जागा शोधली. जाड भिंती, रिकामी, उंच गच्ची. नेमकं ते अध्यक्षांचं गोदाम निघालं. अध्यक्ष हात जोडत धावले, ही साध्या माणसाची मालमत्ता आहे म्हणाले. अधिकारी म्हणाला, बंदच आहे ना? आठवडाही गेला नसेल, टेकडीवरून गोळा आला आणि गोदामाचा एक कोपरा गेला. शिपाई तेव्हा जेवायला अंगणात होते, म्हणून वाचले.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या आया तो कोपरा बघून आल्या. फौज शिरली तिथेच गोळा आला होता; वर्ग भरत होता ती शाळा उभी होती. सकाळी सुनेनं नातीची वेणी घातली, छातीवर रुमाल टाचला आणि तिचा हात माझ्या हातात दिला. मागून शिंप्याची दोन आली, मग बेकरीवाल्याची, मग रांगच लागली. अध्यक्षांनीही नातवाला पाठवलं, अर्थात पुढच्या बाकावर बसवा या निरोपासह.

बाकं भरली. वन्सं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, ऊठ आता. जागा लागतेय."

मी म्हटलं, माझे अजून जोडाक्षरांचे धडे राहिलेत. त्या म्हणाल्या, घरी शिकवीन. कोपराला धरून मला उठवलं, माझ्या जागी नातीला बसवलं आणि दार लोटून घेतलं. इतक्या आनंदानं कुणी कुणाला शाळेतून काढलं नसेल.