पेशकारांची आरामखुर्ची

अंबडच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा माझं वय सत्तावीस होतं. सोळाव्या वर्षी नवरा गेला, भावानं लोकांचं बोलणं सोसून मला शिकवलं आणि मी निजामाच्या नोकरीत शिरले. सोबतीला माझी मावशी होती, तीही विधवा. आम्हा दोघींना दोन खोल्या आणि एक लांबट ओसरी. पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्या ओसरीत अकरा खुर्च्या उभ्या राहिल्या, सगळ्या हात असलेल्या, आणि एक सोडून सगळ्या जुन्या.

बाईमाणसाला खुर्च्यांचा नाद लागल्याचं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. मला तो लागला बाळंतपणांमुळे. खेड्यात बाई अडली की घरची माणसं बैलगाडी घेऊन दवाखान्यात येत आणि मला घेऊन जात. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली की घरातली मोठी बाई खण-लुगडं काढायची आणि मग तिचा हात अडखळायचा. विधवेला खण द्यावा तर रीत मोडते, न द्यावा तर मनाला लागतं. कुंभार पिंपळगावला असंच झालं. घरची म्हातारी खण हातात घेऊन उंबऱ्यात घुटमळत होती. तिची ती अडचण बघवेना म्हणून मी नजर गोठ्याकडं वळवली, तर कडब्याच्या गंजीला टेकून एक सागवानी खुर्ची उभी. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं कोरलेली. फाटक्या बैठकीवर पोतं टाकलेलं आणि पोत्यावर एक कोंबडी निवांत बसलेली.

"खण राहू द्या," मी म्हणाले, "ती खुर्ची देता का?"

"ती? अव बाई, मोडकी हाय ती. आमच्या सासऱ्यानं छावणीच्या हर्रासात घेतल्ती, सायेब लोक गेल्ते तवा."

"मोडकीच द्या."

म्हातारीला इतकं हलकं वाटलं की तिनं स्वतः जाऊन कोंबडी उठवली.

जालन्याला पूर्वी पलटणीची मोठी छावणी होती. ती उठली तेव्हा बंगल्यांतलं सामान हर्रासात, म्हणजे लिलावात, निघालं आणि गाड्या भरभरून गावोगाव पांगलं. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात. एकदा डोळ्याला सवय झाल्यावर मला ते जिथं तिथं दिसायला लागलं. वडीगोद्रीला वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मिळाली, पाठ आणि हात मिळून एकच गोल फिरलेला दांडा, बैठकीखाली परदेशी कारखान्याचा अर्धा फाटलेला कागद. दुसऱ्या एका घरी लांब हातांची मिळाली, जिच्या हातांवर पाय टाकून साहेब लोक पडून राहत.

दुरुस्तीला मी त्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून जालन्याला न्यायची. तिथं एक म्हातारा मिस्त्री वेत विणायचा. त्याच्या बापानं छावणीत हेच काम केलेलं. तो मला म्हणायचा, "बाई, कुर्सी पाठीमागून बघत जा. पुढून तर समद्याच चांगल्या दिसत्यात." त्याच्याकडून मी शीसव आणि सागवान ओळखायला शिकले, खुंटीचा सांधा आणि खिळ्याचा सांधा वेगळा काढायला शिकले.

मावशीला यातलं काहीच पटत नव्हतं. "घरात माणसं दोन अन् खुर्च्या अकरा," ती म्हणायची. "उरलेल्या नवांवर कोण बसतंय? भुतं?" पण दर शनिवारी फडकं घेऊन पुसायचीही तीच.

डॉक्टरांनी मला पेशकारांच्या घरी पाठवलं ते याच दिवसांत. पेशकार म्हणजे कचेरीत हाकिमापुढं मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, मांडणारा कारकून. हे गृहस्थ त्या कामावरून पेन्शनीत निघाले होते. छाती बिघडली होती, पाय सुजले होते, आडवं झालं की जीव घाबराघुबरा व्हायचा. आठवड्यातून दोनदा त्यांना सुई द्यायची होती.

मी आत गेले. पेशकार साहेब खिडकीशी बसले होते, आणि ज्या खुर्चीत बसले होते तशी खुर्ची मी आजवर पाहिली नव्हती. काळीभोर शीसव. पाठ मागं-पुढं करायला खाचा आणि त्यांत अडकवायची पितळी दांडी. रुंद हातांत पेला ठेवायला गोल खोबण, आणि कडेनं सबंध वेलबुट्टी, कुठंही हात चुकलेला नाही. मी नाडी धरून उभी होते, पण ठोके मोजायचे विसरले होते.

"बाई," ते धापा टाकत म्हणाले, "तुम्ही मरीज बघून राह्यल्या का कुर्सी?"

माझं तोंड गोरंमोरं झालं. ते मात्र हसले. "पस्तीस साल हाकिमाच्या कुर्सीबाजूला उभा राह्यलो. पेन्शन झाली तवा हैदराबादला जाऊन ही करून घेतली. अल्लाकसम, तिच्याएवढी चांगली कुर्सी हाकिमाकडंबी न्हवती. आवडली ना? मेल्यावर घेऊन जा. तवर माझी."

त्यांची बायको, जिला सगळं गाव बीबी म्हणायचं, दाराशी उभी होती. ती हसली नाही. पुढच्या कित्येक खेपांना तिनं माझ्याशी एक शब्दही काढला नाही, हात धुवायला पाणी ठेवायची आणि निघून जायची.

तिचं काही चुकत नव्हतं. खरं सांगते, परत जाताना माझ्या मनात आलंच होतं की हे गृहस्थ हिवाळा काढत नाहीत. आणि त्याच्या पुढचंही आलं होतं, की ओसरीत ती खुर्ची कुठं ठेवायची. नर्सनं असं मनात आणू नये. पण आलं.

हिवाळा त्यांनी काढला. मात्र रात्रंदिवस त्याच खुर्चीत बसून, अंगात भरलेल्या पाण्याच्या वजनानं, बैठकीचा वेत मधोमध फाटला. बीबीनं गोधड्या कोंबल्या, पण खालची लाकडाची कड रुतून मांडीच्या मागं जखम व्हायला लागली. खुर्ची विणायला न्यायलाच हवी होती. मिस्त्री म्हणाला, चार दिवस लागतील.

"चार दिवस हे बसतील कशावर?" बीबीनं विचारलं. तिचं माझ्याशी पहिलं बोलणं हेच. "तक्तपोसावर आडवं टेकवलं तर दम कोंडतो. लोडाला टेकवलं तर घसरतात."

मी घरी आले आणि मावशीला म्हणाले, "गाडी सांग. सगळ्या खुर्च्या न्यायच्यात."

"समद्या?"

"त्यांना कुठली बसते ते बसल्याशिवाय कसं कळणार?"

मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग पदर खोचून स्वतःच खुर्च्या उचलायला लागली. अखेरीस गाडीत थोडी जागा उरली तेव्हा कोपऱ्यातली बाभळीची खुर्चीही तिनं वर टाकली. ती जुनी नव्हती आणि देखणीही नव्हती. एका सुताराच्या बायकोची सुटका झाली तेव्हा त्यानं आनंदानं स्वतः ठोकून दिलेली, बसकी, रुंद, सरळसोट हातांची. आम्ही तिच्यावर पापड वाळत घालायचो.

पेशकारांच्या अंगणात सगळ्या खुर्च्या रांगेनं मांडल्या. शेजारपाजारच्या पोरी भिंतीवरून डोकावायला लागल्या. साहेबांनी बीबीच्या आणि माझ्या खांद्यावर हात टाकला आणि एकेक खुर्ची बघायला सुरुवात केली. दोन पावलं टाकली की थांबायचं, दम खायचा. तरी कितीतरी महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता.

वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीत ते जेमतेम मावले. "ह्याच्यात बसून नुस्ती सही करावी अन् उठावं."

सिंहाच्या खुर्चीचे हात इतके उंच की त्यांचे खांदे वर चढले. "ह्याच्यात बसलो तर फैसला सुनवावा लागल. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं ते."

लांब हातांच्या खुर्चीत मात्र ते मागं कलंडले आणि एकदम श्वास अडकला. ओठ निळसर झाले. बीबी किंचाळली. आम्ही दोघींनी त्यांना ओढून सरळ केलं आणि जी खुर्ची हाताशी लागली तिच्यात बसवलं. ती बाभळीची होती.

ते पुढं वाकून धापा टाकत होते. हात टेकायला काही हवं होतं, म्हणून मावशीनं चुलीपाशी बसायचा पाट आणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवा टाकला. हात सरळ असल्यामुळं तो पक्का बसला. मी त्यावर उशी ठेवली. साहेबांनी उशीवर हात टाकले, हातांवर डोकं टेकलं आणि हळूहळू श्वास खाली यायला लागला. आम्ही तिघी बघत उभ्या. थोड्या वेळानं त्यांच्या घशातून बारीक घरघर यायला लागली. मी धावून कान लावला. ते घोरत होते.

दुपार टळेपर्यंत ते झोपले. अंगणातल्या लिंबाची सावली सरकली तशी मी आणि मावशीनं खुर्चीसकट त्यांना इंच इंच सावलीत सरकवलं. मधे वळून बघते तर बीबी भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली होती, तोंड उघडं, ओढणी ढळलेली. मावशीनं ओढणी नीट केली आणि दाराला आतून कडी लावली. कुणीतरी चौकशीला आलं तर फटीतूनच बोटानं परत पाठवलं.

जाग आल्यावर बीबी घाबरून उठली, नवऱ्याच्या नाकापाशी हात धरला आणि मग माझ्याकडं वळली.

"चार महिने झाले बाई. ह्यांना असं झोपलेलं बघितलं न्हाई मी."

"आणि तुम्ही?"

"मी कधी झोपायची?" ती म्हणाली आणि रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सोवळ्या-ओवळ्याची एवढी कडक माझी मावशी. त्या दिवशी तिला त्यातलं काही आठवलं नाही.

शिसवी खुर्ची विणून परत आली. साहेब तिच्यात दिवसा बसायचे, कुणी भेटायला आलं तर. झोपेसाठी बाभळीची. दोन्ही खुर्च्या तिथंच राहिल्या. माझ्या खेपा सुईपुरत्या होत्या त्या हळूहळू चहापुरत्या झाल्या. साहेब कचेरीतले किस्से सांगायचे, खोटे साक्षीदार कसे ओळखायचे ते सांगायचे. मी त्यांना नव्या सापडलेल्या खुर्च्यांची हकीकत सांगायची. त्यांनी आणखी एक उन्हाळा काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी, पाटावर डोकं टेकलेलं असतानाच ते गेले. मी दवाखान्यात होते. बीबीनं निरोप पाठवला तो दवाखान्याला नाही, माझ्या नावानं.

चाळिसावा दिवस झाल्यावर तिनं मला बोलावलं. शिसवी खुर्ची पुसून दारात काढून ठेवली होती.

"त्यांनी सांगितल्तं. ही तुमची."

"बीबी, राहू द्या. ते थट्टेत बोलले होते."

"थट्टेत न्हाई. शेवटच्या दिवसांतबी बोलले." मग म्हणाली, "बाभळीची मी ठेवू का? तुमची हाय, म्हणून विचारते."

"ठेवा," मी म्हणाले.

शिसवी खुर्ची मी आणली. खोटं कशाला बोलू, ती मला हवीच होती. पण पेशकार साहेब होते सहा फूट उंच, त्यांच्या मापानं ती केलेली. मी बसले तर माझे पाय जमिनीला टेकेनात. मावशी बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं पायाखाली पाट दिला, तरी पाठ काही नीट टेकली नाही. शेवटी मी तिच्यावर बसायचं सोडून दिलं. तिच्याकडं बघत जमिनीवर बसून भाजी निवडायची, ते मात्र मला आवडायचं.

त्या अंगणातल्या दुपारपासून माझ्या नादाचं रूपच पालटलं. खुर्ची दिसली की मी आता ती कुणाला बसेल ते बघायची. दमेकरी, दिवस भरत आलेली बाई, कंबर मोडलेला म्हातारा. त्यांच्याकडं खुर्च्या जायला लागल्या. काही परत आल्या, काही आल्या नाहीत. सिंहाची खुर्ची एका दमेकरी तेल्याकडं गेली ती गेलीच; तो बरा झाला आणि तिच्यात बसून धंदा करायला लागला. तिथून कसं उठवणार? अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीनंतर बीबी भावाकडं हैदराबादला निघाली. जालन्याच्या स्टेशनपर्यंत मी आणि मावशी गेलो. सामान थोडंच होतं, पण बाभळीची खुर्ची तिनं मागं ठेवली नाही. हमालाला म्हणाली, "संभाळून, उलटी टाकू नको."

शिसवी खुर्ची तोवर माझ्याकडंच होती. आष्टीहून एक जण आला. त्याच्या आईला छातीचंच दुखणं, आडवं होता येत नव्हतं. मी खुर्ची गाडीत घातली आणि बरोबर गेले. म्हातारी लहानशी, सुरकुतलेली. खुर्ची बघून तिनं हात जोडले.

"मी न्हाई बसायची, माय. जन्मात कधी बसले न्हाई. पडले म्हंजी?"

"पडत नाही आजी. मी धरते."

"न्हाई गं. लेकाच्या बरुबरीनं कुर्सीत बसू का?"

लेकानं सांगितलं, सुनेनं सांगितलं. ती ऐकेना. शेवटी मी तिला खुर्चीसमोर जमिनीवरच मांडी घालून बसवलं आणि बैठकीवर मऊ गोधडी ठेवली. तिनं भीत भीत त्या विणलेल्या बैठकीवर दोन्ही हात टाकले आणि त्यांवर गाल टेकला. उंची बरोबर आली. बराच वेळ ती तशीच होती, मग डोळे मिटले.

सून हळूच म्हणाली, "झोपली वाटतं."

मी खुर्ची तिथंच ठेवली आणि गाडीत बसले.